पेडणेकरबाईंचे खिळे

आजही कोणी "रिपोर्ट निल आहे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "काकू, सगळं निल आलंय, पेढे वाटा." मी विचारलं, "किती दिवस ठेवून बघितलं होतंत?" तो रिपोर्ट उलटसुलट करून बघायला लागला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? हा प्रश्न मुळात माझा नाहीच, पेडणेकरबाईंचा आहे. मी तो इतकी वर्षं वापरतेय.

पेडणेकरबाई म्हणजे आमच्या कंपनीतल्या जंतूंच्या बाई. कंपनी अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्याच्या मागे. मी तिथे टायपिस्ट होते, मुलुंडहून यायचे. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. कंपनी समुद्रातल्या तेलविहिरींना औषध पुरवायची. औषध म्हणजे पाण्यातले जंतू मारायचं रसायन. आणि ते जंतू मेले की नाही, हे तपासायचं कामसुद्धा आमच्याच कंपनीकडे! म्हणजे जिने आमटी केली तिनेच चव घ्यायची आणि तिनेच म्हणायचं, वा, काय झकास झालीय. हे कोणालाच खटकत नव्हतं. बाईंना खटकायचं आणि त्या ते मोठ्याने बोलून दाखवायच्या.

बाई मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत. वडील गिरणीत होते. मी पाहिल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. बुटक्या, काटक, कायम सुती साडी, पदर खोचलेला. डोक्यात फूल नाही, तोंडाला पावडर नाही, अत्तराचं तर नावच नको. मी एकदा मोगऱ्याचा गजरा घालून त्यांच्या खोलीत गेले, तर दारातच हात आडवा. "तो बाहेर काढून ठेव, मग आत ये. माझं नाक बिघडवू नको." त्या सगळ्याचा वास घ्यायच्या. पाण्याचा, बुचाचा, चहाच्या कपाचासुद्धा. त्यांच्या खोलीतून अधूनमधून कुजक्या अंड्यांचा भपकारा यायचा, म्हणून अकाउंट्सवाले त्यांना 'अंडेवाली बाई' म्हणायचे. त्यांच्यासमोर म्हणायची कोणाची टाप नव्हती, ती गोष्ट वेगळी.

आमची खरी ओळख झाली ती भांडणातून. मी एक रिपोर्ट टाईप करत होते. मॅनेजरने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'जंतू: निल.' बाई मागून आल्या आणि मशीनमधला कागद कार्बनसकट ओढून काढला. माझा संताप झाला. "बाई, हे काय? तीन कॉप्या वाया गेल्या!"

"गेल्या तर गेल्या. निल कोणी सांगितलं तुला? आज सातवा दिवस आहे."

"साहेबांनी चिठ्ठी दिलीय."

"साहेबाच्या चिठ्ठीला जंतू भितात होय? लिही, 'सातव्या दिवसापर्यंत दिसले नाहीत.' दिसले नाहीत आणि नाहीत, यात फरक आहे गं. तुझा नवरा सात वाजेपर्यंत घरी आला नाही, म्हणजे तुला नवराच नाही का?"

मला हसू आलं आणि भांडण तिथेच संपलं. मग त्या मला हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे एक लाकडी कपाट होतं, आत चाळीसचा बल्ब कायम पेटलेला, उबेसाठी. कपाटात लाकडी घोड्या आणि प्रत्येक घोडीवर ओळीने सहा बाटल्या, इंजेक्शनच्या औषधाच्या असतात तशा, रबरी बूच आणि वर पत्र्याची टोपी. प्रत्येक बाटलीत जंतूंना आवडेल असं पाणी आणि एक छोटा लोखंडी खिळा. तपासायचं पाणी सुईने पहिल्या बाटलीत टोचायचं, त्यातलं थोडं दुसऱ्या बाटलीत, दुसरीतलं तिसरीत, असं सहापर्यंत. हे जंतू असले की खिळा आणि पाणी काळंकुट्ट होतं. जितकी पुढची बाटली काळी, तितके जंतू जास्त. आणि हे सगळं अठ्ठावीस दिवस ठेवून बघायचं. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. काही जंतू आळशी असतात, पंचविसाव्या दिवशी उठतात.

"पण हे तेलात येतात कुठून?" मी विचारलं.

"आपणच पाठवतो. तेल वर यावं म्हणून समुद्राचं पाणी विहिरीत खाली ढकलतात. लोखंडी पाइप गंजू नयेत म्हणून त्या पाण्यातली हवा काढून टाकतात. आणि या मेल्यांना हवाच नको असते! हवेवाचून जगतात, समुद्राच्या पाण्यातल्या गंधकाच्या क्षारावर. वर विषारी गॅस सोडतात. चांगली विहीर नासते, दूध नासावं तशी."

"मग तुमचं औषध कशाला आहे?"

"औषध!" बाई फणकारल्या. "हे जंतू पाण्यात कमी आणि पाइपाला चिकटून जास्त असतात, बुळबुळीत थर करून. आधी पाइप आतून खरवडायला पाहिजे, मग औषध. नुसती चूळ भरून दात घासले जातात का गं? आणि तेही वर्षानुवर्षं एकच औषध. चाळीतल्या ढेकणांना विचार, एकाच औषधाला ते किती दिवस भितात. दोन औषधं आलटून पालटून वापरा म्हणून लिहून लिहून माझी बोटं झिजली. आमच्या मॅनेजरला एकच औषध विकायचंय, कारण एकच बनवता येतं."

पाण्याचे नमुने आणायचा तो आंतोन. गोराईचा, कोळ्याघरचा, तिशीतला, दांडगा गडी. चौदा दिवस समुद्रात तेलाच्या फलाटावर, चौदा दिवस घरी. हेलिकॉप्टरने जुहूला उतरायचा आणि थेट आमच्याकडे, खांद्यावर नमुन्यांची पेटी आणि हातात कागदात गुंडाळलेले सुके बोंबील. आमच्या ऑफिसात अंड्यांच्या आणि बोंबलांच्या अशा दोन्ही वासांनी एकदम बोंब व्हायची. आंतोनला बाईंनीच शिकवून तयार केलं होतं. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहता कामा नये.

"बाय, पानी पुरा भरला, बुडबुडा नाय," असं तो दारातूनच ओरडायचा. दरवेळी निघताना बाई त्याच्याकडून एक वाक्य म्हणवून घ्यायच्या, शाळेतल्या मुलाकडून पाढा म्हणवून घ्यावा तसं.

"वास येतोय तोवर काय?"

"तोवर सावध."

"आणि वास यायचा थांबला की?"

"पलायचा."

"शाबास."

मला वाटायचं, उलटं आहे. वास थांबला म्हणजे गॅस गेला ना? बाईंनी सांगितलं, नाही. हा गॅस थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा घाण वास येतो आणि जास्त झाला की आधी नाकच मारतो. माणसाला वाटतं, चला, सुटलो. आणि दोन श्वासांत आडवा होतो.

त्या वर्षी भादव्यात आंतोनने एका टाकीचं पाणी आणलं. फलाटावरची टाकी, बरेच दिवस बंद ठेवलेली, पाणी तसंच साचलेलं. बाईंनी सहा बाटल्या टोचल्या. सातव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी पहिली काळी. सतराव्या दिवशी तिसरी. बाविसाव्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "चार झाल्या. आता अठ्ठावीस झाले की असा रिपोर्ट लिहिते, की औषध बदलल्याशिवाय यांची सुटका नाही." कधी नव्हे त्या खुशीत होत्या.

तेविसाव्या दिवशी खंडेनवमी होती.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा जोरात व्हायची. माझ्या टाइपरायटरलासुद्धा झेंडूची माळ आणि कुंकू. हेड ऑफिसचे पाहुणे प्रसादाला यायचे. बाईंच्या घरी त्या दिवशी सासूचं दुखणं निघालं, त्या दुपारी आल्या. त्याआधी सकाळी मॅनेजरने सखारामला, आमच्या शिपायाला, बोलावून सांगितलं, "पाहुणे येतायत. त्या खोलीत काळं आणि घाण काही दिसता कामा नये." सखाराम देवभोळा माणूस, रायगडकडचा. त्याने कपाट उघडलं. एका घोडीवर काळ्या बाटल्या दिसल्या, ती अख्खीच बाहेर काढली. पकडीने टोप्या काढल्या, पाणी मोरीत ओतलं, नाक दाबून बाटल्या विमसारखी पावडर लावून घासल्या. आणि आतून निघाले खिळे. लोखंड! खंडेनवमीला लोखंड टाकायचं कसं? त्याने ते चिंचेने घासून लखलखीत केले, केळीच्या पानावर ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकावर झेंडूची एक पाकळी ठेवली.

बाई आल्या तेव्हा आरती संपली होती. सखाराम हात जोडून म्हणाला, "बाई, तुमची हत्यारं पण पुजली हो, विसरलो नाही."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता त्या त्याला फाडून खाणार. त्या खाली बसल्या. एक एक खिळा उचलून मोजला. सहा. मग त्याला म्हणाल्या, "सखारामभाऊ, पूजा छान केलीत. कपाट उघडायला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी."

बाईंनी खिळे रुमालात बांधले आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. काच बंद होती, तरी सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. "चूक सखारामची नाही! तुम्हाला ते कपाट काय आहे ते माहीत होतं!" मॅनेजर पाहुण्यांना पेढा देत म्हणाला, "बाई जरा तापट आहेत."

टाकीचं नवीन पाणी मागवा, असं पत्र बाईंनी माझ्याकडून त्याच दिवशी टाईप करून घेतलं. ते पत्र मॅनेजरच्या ट्रेमध्येच राहिलं. दसऱ्यानंतर त्याने मला दुसरी चिठ्ठी दिली. त्याच टाकीचा रिपोर्ट. सातव्या दिवसाची नोंद घेऊन, 'निल.' खाली 'तपासणी: श्रीमती पेडणेकर' असं टाईप करायचं आणि सही तो 'त्यांच्याकरिता' करणार. मी म्हटलं, "साहेब, बाईंना विचारलंत?" तो म्हणाला, "तुम्ही टायपिस्ट आहात ना?"

मी टाईप केलं. बाईंना सांगितलंही नाही. भांडण नको म्हणून. कसलं भांडण नको! भित्री होते, दुसरं काय.

दिवाळी होऊन गेली आणि आंतोन हॉस्पिटलात असल्याचा निरोप आला. फलाटावर त्याला ती टाकी उघडायला सांगितली होती, तळाचा गाळ काढून आणायला. तो नको म्हणाला. वरच्या माणसाने कागद दाखवला, "निल आहे ना लेका, मग भितोस काय?" त्याने झाकण उघडलं. घाण वास आला. तो वाकला आणि वास बंद झाला. बाकी कोणी असता तर बरं वाटून आणखी वाकला असता. हा पळाला, कठड्यापर्यंत पोचला आणि तिथे कोसळला. जगला, पण छाती गेली. जो माणूस भरलेली होडी एकट्याने वाळूवर ओढायचा, तो हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसताना धापा टाकत होता. बाई आणि मी भेटायला गेलो तर म्हणाला, "बाय, वास गेला न् मी पललो." आणि हसायला गेला तर खोकल्याची उबळ आली. बाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि खोकला थांबेपर्यंत काढला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्या टाकीला निल कोणी लिहिलं?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन चालत राहिल्या.

चौकशीला तेलवाल्यांचे तीन साहेब आमच्या ऑफिसात आले. मॅनेजरने रिपोर्ट पुढे केला, "तपासणी बाईंची आहे, नाव बघा." बाईंनी वही काढली, नऊ, सतरा, बावीस, सगळ्या तारखा. मॅनेजर म्हणाला, "वहीत काय, नंतरही लिहिता येतं. बाटल्या दाखवा." तेव्हा बाईंनी रुमाल सोडला आणि सहा खिळे टेबलावर ठेवले. चकचकीत, डोक्याखालच्या खाचेत अजून कुंकू.

"हा पुरावा नाही, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुरावा यांनी धुवायला लावला आणि त्याची आरती केली. पण भिंग घेऊन बघा. या चार खिळ्यांना बारीक खड्डे पडलेत, या दोन खिळ्यांना नाहीत. घासून काळं जातं, खड्डा जात नाही."

एक साहेब हसला. हो, चक्क हसला! भिंग कोणी मागितलंच नाही. मग त्यांनी मला बोलावलं.

"हे नाव कोणी टाईप केलं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. माझ्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, घरात दोन मुलं. हे सगळं खरं आहे आणि तरी ते कारण पुरेसं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "नेहमीची पद्धत आहे तशी."

संपलं. बाईंना राजीनामा द्यायला सांगितलं. आंतोनच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. जो सगळ्यांत जास्त काळजी घेऊन पळाला, तो निष्काळजी!

शेवटच्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. वाटलं, बोलणार नाहीत. बोलल्या, आणि ऑफिसात एरवी कधी बोलायच्या नाहीत त्या गावच्या बोलीत बोलल्या. "तोंडाक कुलूप लागला होता काय गो तुझ्या?"

मी रडायला लागले.

"रडान काय होतला?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "ऐक. कपाटात एक घोडी आहे, आंतोनच्या बदलीच्या माणसाने आणलेल्या, त्याच टाकीच्या पाइपातल्या पाण्याची. आज एकोणिसावा दिवस. नऊ उरलेत. बल्ब जाऊ देऊ नको. बघशील?"

मी बघितलं. देवाशपथ सांगते, पोरांचे ताप मी इतक्या डोळ्यांत तेल घालून काढले नाहीत. सखाराम कपाटाशेजारी स्टूल टाकून बसायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा बल्ब गेला तर त्याने घरी बायकोच्या स्वयंपाकघरातला काढून आणला. अठ्ठाविसाव्या दिवशी सहापैकी पाच बाटल्या काळ्या होत्या. मी रिपोर्ट टाईप केला, दिवसागणिक. खाली स्वतःचं नाव घातलं, स्वतः सही केली आणि जुहूला तेलवाल्यांकडे जाणाऱ्या टपालाच्या थैलीत टाकला. चार दिवसांनी मॅनेजर माझ्या अंगावर ओरडत आला, "तुम्ही कोण सही करणाऱ्या? शास्त्रज्ञ आहात?"

"नाही," मी म्हटलं. "मला काळं दिसतं, तेवढंच."

माझी बदली गोडाऊनला झाली. होईना का. पुढे तेलवाल्यांनी औषध बदललं, दोन औषधं आलटून पालटून, आधी पाइप खरवडून. बाईंनी लिहिलं होतं अगदी तस्संच, नाव मात्र आमच्या मॅनेजरचं. त्याला बढतीही मिळाली. 

त्या सहा बाटल्या मी पिशवीत घालून भांडुपला बाईंना नेऊन दिल्या होत्या. पुढच्या वर्षी खंडेनवमीला गेले तर पाटावर विळी, कात्री आणि त्या सहा बाटल्या, टोपीवर कुंकू, आत खिळे तसेच काळे. "यंदा घासले नाहीत," बाई म्हणाल्या. आता त्या चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. थकल्या होत्या, पण नाक तसंच. मी आत पाऊल टाकलं तसं म्हणाल्या, "डोक्याला नवीन तेल लावलंस."

त्या गॅलरीत उभ्या होत्या, हातात ती जुनी वही आणि पेन्सिल. खाली चढणीवर बघत होत्या. "आंतोन येतोय," म्हणाल्या. "दर महिन्याला येतो, बोंबील घेऊन. नको म्हटलं तरी ऐकत नाही."

मी वाकून बघितलं. चढणीवर तो येत होता, एका हातात कागदाचं पुडकं. पाण्याच्या नळापाशी थांबला. मग वाण्याच्या दुकानापाशी. मग विजेच्या खांबाला हात टेकून. मी वहीत डोकावले. महिन्यांची नावं, आणि पुढे आकडे. एक. दोन. दोन. तीन.

"तीनदाच थांबला ना याही वेळी?" मी म्हटलं. "लिहा की."

"थांब गं," बाई म्हणाल्या. पेन्सिल कागदापासून बोटभर वर धरलेली होती. "वर येऊ दे आधी. पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही."

खाली आंतोन आमच्या पायरीपर्यंत आला, वर बघून त्याने हात हलवला, आणि पहिल्याच पायरीवर बसला.